रोवण्यातले तीन रिकामे रकाने

ऑफिसात मी तापट म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्या वर्षी माझा सगळा राग रिकाम्या रकान्यांवर निघायचा. सालेकसा भागातल्या अंगणवाड्यांमधून लेकरांची वजनं यायची, ती दर महिन्याला कॉम्प्युटरवर चढवणं हे माझं काम. त्या आकड्यांवरून डॉक्टरांची गाडी कोणत्या गावी दर आठवड्याला जाणार आणि कोणत्या गावी दोन महिन्यांतून एकदा, ते ठरायचं. गाडी एकच आणि गावं ढीगभर.

जंगलाकाठच्या एका गावाचं रजिस्टर पावसाळ्यात, धानाच्या लावणीच्या दिवसांत, कोरंच आलं. मी तिथल्या अंगणवाडीताईला फोनवर झापलं.

"मॅडम, रोवना चालू हाय," ती म्हणाली. "बाया पोरं घेऊन बांधीत जाऊन राहिल्या. वजन कोनाचं घेऊ?"

हे मला सांगायची खरंतर गरज नव्हती. माझं स्वतःचं बाळपण कामठ्याकडच्या धानाच्या बांधावर, उघड्या छत्रीखाली गेलं. आई चिखलात वाकलेली आणि मी रडून रडून झोपलेली, असं ती अजून सांगते. पण रकाना रिकामा राहिला की यादी पुढे जायची नाही, आणि यादी अडली की बोलणी मला बसायची. मग मी सोपी वाट काढली. मागच्या महिन्याचं वजन उचललं आणि या महिन्यात टाकलं. महिन्याभरात लेकरू असं किती वाळणार, अशी मनाची समजूत घातली.

रोवणा संपला, निंदण लागलं. मी तीन महिने तेच करत राहिले.

पुढच्या बैठकीत साहेबांनी भिंतीवरच्या नकाशात ते गाव हिरवं दाखवलं. वजनं जशीच्या तशी, काळजीचं कारण नाही. म्हणून तिथली दर बुधवारची गाडी बंद करून दुसऱ्या गावाला दिली. माझ्या यादीत एकही रकाना रिकामा नाही, म्हणून सगळ्यांसमोर कौतुकही झालं. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली होती.

दिवाळीच्या आधी ती ताई रजिस्टर घेऊन स्वतःच ऑफिसात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. गावातली सव्वा वर्षाची एक पोरगी गेली होती. हगवण लागली, अंगावरचं दूध तुटलं, पोर वाळत गेली.

"गाडी येईन म्हून तिची माय चार बुधवार रस्त्यावर बसून राहिली," ताई म्हणाली. "मंग दवाखान्यात नेलं. तठी सहा किलोबी नाही भरली."

मी त्या पोरीची ओळ उघडली. आठ किलो, आठ किलो, आठ किलो. ताईला सांगितलं, हे वजन मी भरलंय.

तिने रजिस्टर उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि त्या तीन कोऱ्या चौकटींवर बोट ठेवलं. "म्या तं रिकामंच ठेवलं होतं, मॅडम. तुमी कायले भरलं?"

आजही तो प्रश्न आठवला की स्वतःची किळस येते.

साहेबांनाही जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "आधी मृत्यूची नोंद करा. त्याशिवाय गाडी परत देता येणार नाही."

मी नोंद केली. नकाशावर गाव लाल झालं आणि पुढच्या बुधवारी गाडी गेली. रोवण्यापासून त्या पोरीच्या नावापुढे मी भरलेली तेवढी एकच नोंद खरी होती.