उकिडवे मामा

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की समोरचा माणूस बसेल तसं बसायला कंपनीत शिकवतात, म्हणजे तो लवकर आपला होतो. तेव्हापासून मला उकिडवे मामा आठवत आहेत. ते मला कधी आवडले नाहीत. आजही आवडत नाहीत. पण तुम्हाला ते ठाऊक असलेले बरे.

मामा तापीकाठच्या गावांतून लग्नं जुळवत. खुर्ची पुढे केली तरी घेत नसत. यजमान ओट्यावर असो की गोठ्यात, त्याच्या शेजारी जमिनीवर उकिडवे बसत. म्हणून हे नाव. त्याने टोपी काढली की यांचीही टोपी मांडीवर. तो कापसाचं बोंड चिवडत बोलू लागला की यांच्याही हातात बोंड. तो खोकला तर हेही खोकत. घटकाभरात यजमान मुलीची पत्रिका आणायला उठे.

माझ्या चुलत बहिणीचं, सुमनचं, लग्न त्यांनीच जुळवलं. नवरा पितो हे झाकलं. सुमन अंगावर वळ घेऊन परत आली तेव्हा काका ओसरीवर डोकं धरून बसले होते. मामा आले, शेजारी बसले, तसंच डोकं धरलं आणि रडले. इतके रडले की शेवटी काकाच त्यांची समजूत घालू लागले. सुमनला पुन्हा सासरी धाडलं.

हे मी पाहिलं होतं. त्यामुळे इंटरच्या परीक्षेआधी सुरतेच्या कॉलेजातून घरी आले आणि मामा माझ्या आजोबांपाशी, आबांपाशी, बसलेले दिसले, तेव्हा मी दारातच थांबले. घरात आबांचा शब्द शेवटचा. माझ्यासाठी आणलेलं स्थळ केळीच्या बागायतदाराचं होतं आणि त्या लोकांना लग्न परीक्षेआधीच हवं होतं. मामा स्वतःचा गुडघा चोळत म्हणत होते, "आबा, तुम्हना गुडघा दुखस, मन्हाबी दुखस. आपलं काय राह्यनं? पोरना हात पिवळा करी टाकूत."

मी दारात उभी राहून शाळेतल्या शुद्ध मराठीत भांडले. आबांनी तोंड फिरवलं. मामा हसले. "उभं ऱ्हाईसन बोलं तं कोनी ऐकस का, बेन?"

टोमणा झोंबला, आणि उपयोगीही पडला.

दुसऱ्या दिवशी आबा खळ्यात बियाण्याच्या मिरच्या निवडत होते. आमच्याकडे मोठ्या मुलीनं आजोबांसमोर उभं राहायचं, शेजारी बसायचं नाही. मी शेजारी उकिडवी बसले. एक शब्द बोलले नाही. ते देठ मोडतील तसतशी मीही मोडत गेले. खकाणा उडाला, दोघांनाही ठसका लागला. आबांना हसू आलं. हातातला देठ मोडून त्यांनी विचारलं,

"सुरतनी गाडी कव्हय शे?"

"सकाळी, आबा."

"पेपर दी ये. मंग पाहूत."

तेवढ्यात मामा होकार घ्यायला आले आणि आबांच्या दुसऱ्या बाजूला बसायला वाकले. आबांनी मिरच्यांवरची नजर काढली नाही.

"मामास्ले खुर्ची द्या," ते म्हणाले.

आमच्या घरी मामा त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीवर बसले. चहा अर्धा ठेवून गेले, आणि ही पोरगी नांदायची नाही असं गावभर सांगत फिरले.

सुमन सासरीच संपली. मामा पुढे पुष्कळ जगले. मी शहाद्याच्या शाळेत शिकवलं, आणि एखादी मुलगी रडत असली की तिच्या शेजारी जमिनीवर बसले. आता गुडघे वाकत नाहीत, म्हणून घरात एक ठेंगणं स्टूल ठेवलं आहे. मामांचं एवढंच माझ्यापाशी उरलं आहे.