आईला न पटलेलं इंग्रजी

माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही. हा गुण आईचा. वाणी तोलत असताना तिचं लक्ष काट्यावर, दूधवाली माप ओतत असताना तिच्या हातावर आणि घरात भाडेकरू आला की त्याच्या छातीवर. वडील लवकर गेले. लोणावळ्यातलं घर तेवढं होतं. त्यातली पुढची खोली आम्ही मुंबईहून हवापालटासाठी येणाऱ्यांना द्यायचो. त्यांत क्षयाचे रोगीही असायचे, आणि ते कोणी आपल्या तोंडानं सांगत नसे. आईला मी एकुलती एक.

त्या वर्षी दिवाळीनंतर एक मास्तर आले. मुंबईत इंग्रजी शिकवायचे. अंगानं काटकुळे, कोट मात्र ऐसपैस. मला पुण्याला जाऊन मॅट्रिकला बसायचं होतं. गावात मुलींना तेवढं शिकायची सोय नव्हती आणि इंग्रजीत मी साफ कच्ची होते. मास्तर आपण होऊन शिकवतो म्हणाले.

"फुकट कशाला शिकवतोय?" आई मला आत येऊन म्हणाली.

मास्तरांनी वाढणं, पसरणं, घटणं इथूनच सुरुवात केली. साध्या क्रियापदाला आउट, डाउन, अवे असं काहीतरी जोडलं की काम भागतं, याची मला गंमत वाटली. दरीतून वर आलेलं धुकं विरळ झालं की ‘थिन आउट’. चुलीतला जाळ मंदावला की ‘डाय डाउन’. दुधात पाणी घालून ते पातळ केलं की ‘वॉटर डाउन’. हे शेवटचं मी लगेच आईला सांगितलं. खुद्द इंग्रजांकडे त्यासाठी शब्द आहे म्हटल्यावर दूधवालीवरचा तिचा संशय पक्का झाला.

त्याच दूधवालीनं एकदा मास्तरांचा खोकला ऐकला. "वैनी, ह्यो मास्तर लय खोकतोय. माझ्या म्हायेरी, बेडशाला, असाच एक व्हता. पावसाळा न्हाई काढला त्यानं."

दुधाच्या बाबतीत तिच्या एका शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या आईनं हे मात्र तिथल्या तिथे खरं मानलं.

तेव्हापासून मास्तरांची खुर्ची मागे सरकायला लागली. आधी उंबऱ्याबाहेर, मग ओट्याच्या कडेला, शेवटी खाली अंगणात फणसापाशी. मी ओट्यावर. मध्ये घाटावरचा वारा. मास्तरांना ओरडून शिकवावं लागे. ओरडले की खोकला यायचा, आणि खोकला आला की आई आतून म्हणायची, "बघ." मग दुसऱ्या दिवशी खुर्ची आणखी मागे. हळूहळू मलाही भीती वाटायला लागली. त्यांचा कोट आणखी सैल झाला का, हे मी चोरून बघायचे. एकदा मुद्दामच विचारलं, आजारानं माणूस झिजत जातो त्याला काय म्हणतात?

"वेस्ट अवे," ते म्हणाले. "वाक्यात वापरून दाखव."

मी तो शब्द वहीत उतरवला आणि घाईनं पान उलटलं.

शेवटी आईनं खंडाळ्याहून डॉक्टर बोलावले. त्यांनी मास्तरांना तपासलं आणि छाती स्वच्छ असल्याचं आईला मराठीत सांगितलं. पण घरच्यांना डॉक्टर असंच सांगतात, खरं ते आपसांत इंग्रजीतून बोलतात, असं आईचं म्हणणं. तिनं मला दाराआड उभं केलं.

मी ऐकलं. घसा खरवडून निघालाय, बोलणं ‘कट डाउन’, म्हणजे कमी करा, खोकला आपोआप ‘डाय डाउन’ होईल, इथल्या हवेत तुम्ही छान ‘फिल आउट’ व्हाल, म्हणजे अंगानं भराल. इतकं ओरडता तरी कशाला, असंही डॉक्टरांनी विचारलं. मास्तर नुसते हसले. दोघांचा शब्दन्‌ शब्द मला कळला होता. आयुष्यात पहिल्यांदाच. आनंदानं मी धावत जाऊन आईला सगळं सांगितलं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "तुला हे इंग्रजी शिकवलं कुणी?"

"मास्तरांनी."

"मग झालं तर. वाईट शब्दांचे अर्थ त्यानं चांगले म्हणून शिकवले असतील, तर तुला काय कळणार?"

खोटं कशाला सांगू, त्या रात्री क्षणभर मलाही तसंच वाटून गेलं. पाहुणे येणार आहेत, खोली लागेल, असं आईनं मास्तरांना सांगितलं. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. जाताना अंगणातूनच म्हणाले, "अभ्यास सोडू नकोस." मग टांगा स्टेशनकडे गेला, आणि आईनं खुर्ची उकळत्या पाण्यानं धुतली.

पुढे पुण्याला जाऊन मी मॅट्रिक पास झाले. इंग्रजीत चांगले गुण मिळाले. आईनं घरीच पेढे वळले आणि ताटली घेऊन ती शेजारी वाटायला निघाली. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"म्हणजे तुझं इंग्रजी बरोबर होतं."

"हो."

"मग डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते?"

"मी तेव्हाच सांगितलं होतं," मी म्हटलं. मला तिचा फार राग आला होता.

तिनं ताटली खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्यांचा पत्ता आहे का गं तुझ्याकडे?"

पत्ता आम्ही घेतलाच नव्हता.