रोवेनाचा चारचा तास

रोवेना लुमायाग आणि मी फिलिपिन्समधल्या तागबिलारानला कॉलेजच्या मागच्या गल्लीत एकाच खोलीत राहायचो. पहिल्या वर्षी ती बीजगणितात दोनदा नापास झाली होती. पुढे नापास होणाऱ्यांना वरच्या वर्गातल्या मुलांनी ऑनलाइन शिकवायचं ठरलं आणि रोवेनाने नाव दिलं, तेव्हा गणिताचे सर हसले. म्हणाले, "तू शिकवणार?"

"कुठे अडतं ते मला पाठ आहे, सर," ती म्हणाली.

तिला शिकवायला तिघं मिळाली. दोन कोवळी पोरं, दोघंही कॅमेरा बंद ठेवून बसणारी. तिसरी तेओदोरा, वय एक्केचाळीस, हाग्नाच्या बाजारात तिचं किराणा दुकान. शिक्षिका व्हायचं राहून गेलेलं, ते आता करायला निघालेली. आम्ही सगळे तिला मानांग म्हणायचो, मोठ्या बाईला म्हणतात तसं. ती दुकानातूनच तासाला बसायची. मध्येच कुणी साबण मागायला आलं की "थांब इंदाय, आलेच" म्हणून उठायची; इंदाय म्हणजे पोरी. रोवेना तिच्या निम्म्या वयाची, पण मानांग तासाच्या आधी केस विंचरून बसायची.

मार्चमध्ये रोवेनाचे वडील गेले. माडावर माडी काढायला चढले आणि पडले. ती गावी गेली, नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या, आणि दहाव्या दिवशी दुपारी ती खोलीवर परत आली. बॅग ठेवली, भात आणि सुकी मासळी माझ्यासमोर बसून खाल्ली. मी काहीबाही विचारलं, तिने सगळ्याची उत्तरं दिली. चार वाजता लॅपटॉप उघडला. मी म्हटलं, आज राहू दे. ती म्हणाली, त्यांची परीक्षा आहे.

वडिलांचं तिने तिघांनाही सांगितलं नव्हतं.

मी पलंगावर बसून ऐकत होते. पडद्यावर तिने गणित लिहिलं: तीन वजा, कंसाबाहेर दोन, कंसात क्ष वजा चार; बरोबर पाच. सपाट आवाजात एकेक पायरी सांगत गेली. क्ष ची किंमत आली वजा पाच. पोरांनी उतरवून घेतलं.

मानांग वहीत काहीतरी मांडत होती. मग म्हणाली, "इंदाय, उत्तर परत घालून बघायचं तूच शिकवलंस. मी घातलं. पाच नाही, एकवीस येतंय."

रोवेना पडद्याकडे बघत राहिली. वजा दोन आणि वजा चार, गुणाकार अधिक आठ; तिने वजा आठ लिहिले होते. याच जागी ती दोनदा नापास झाली होती. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. हात उचलून ती ओळ खोडायचीही तिने तसदी घेतली नाही.

"तुझ्या घरी काही झालंय का?" मानांगने विचारलं.

"तातय गेले," रोवेना म्हणाली. फोन नंबर सांगावा तसं.

पलीकडे दुकानातला पंखा तेवढा वाजत होता. मग मानांगने आपली वही कॅमेऱ्यासमोर धरली. "तू उठू नकोस. नुसती बसून राहा. पुढची मी सोडवते. पोरांनो, कॅमेरे लावा. बाईच्या समोर बसायचं."

दोन्ही कॅमेरे लागले. मानांगने त्या दिवशी सात गणितं सोडवली, दोन चुकवली, आणि पोरांनीच तिला अडवलं. पाचनंतरही तास चालू होता. रोवेना शेवटपर्यंत बसून होती. मध्येच एकदा म्हणाली, "चिन्ह बघा," बस.

परीक्षेत मानांगला तीन ही श्रेणी मिळाली, म्हणजे जेमतेम पास. एक पोरगा पास झाला, दुसऱ्याने कॉलेजच सोडलं. निकालाच्या दिवशी मानांगने बसने हाग्नाहून टोपभर बिको, नारळाच्या दुधातला गोड चिकट भात, पाठवला. आम्ही दोघींनी खाल्ला. मी रोवेनाला विचारलं, बरं वाटलं का.

तिने चमचा चाटून ठेवला.

"माहीत नाही," म्हणाली. "वाटत असेल." मग तिने पुढच्या सत्रातल्या मुलांची यादी उघडली आणि नावं वाचायला लागली.