कुसुमताई माझ्या मागे बसायच्या

माझ्या नावाने गेटवर "हाय हाय" करायला लावणारी बाई आज सकाळी गेली.

दर रविवारी माझ्या स्कूटीवर मागे बसून क्लासला येणारी बाईसुद्धा आज सकाळीच गेली.

दोघी एकच. कुसुमताई.

हार्ट अटॅक. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. धामणगाव बढ्याला त्यांना निरोप देऊन आत्ताच घरी आलेय. डोकं ठिकाणावर नाही, तरी लिहितेय.

मी मलकापूरला मसाला पॅकिंगच्या कंपनीत एचआरमध्ये. ताई त्याच कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर, आणि सगळ्या बायकांच्या पुढारी. म्हणजे टेबलाच्या या बाजूला मी, त्या बाजूला त्या.

एचआरच्या पार्ट-टाइम डिप्लोमाला मी नाव घातलं ते पुढे प्रमोशन मिळावं म्हणून. पहिल्या रविवारी बुलढाण्याला वर्गात जाऊन बघते तर पहिल्या बाकावर ताई!

"ताई, तुम्ही इथे?"

"काऊन? बी.ए. झाली हाये मी. आमाले हाकलाचं कसं, ते तुमाले कुठं शिकवतात, पाहाले आली."

राग आला होता मला. खरं सांगते, खूप.

पण एवढ्या लांब एकटीने स्कूटी दामटायचा कंटाळा यायचा, आणि ताई मोताळ्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभ्या दिसायच्या. एकदा थांबले. मग थांबतच गेले.

बसताना त्यांनी अट घातली. "कंपनीले इथंच उतरवून ठेव. वापस येताना घेऊ."

मोताळ्याच्या पुढे कंपनीचा विषय बंद. राजूर घाट चढताना त्या मागून मोटिव्हेशनच्या थिअऱ्या म्हणून दाखवायच्या, चुकलं की मी टोकायची. डबा त्यांचा. ठेचा असा की मी पाणी पीत बसायची आणि त्या हसत बसायच्या.

अट एकदाच मोडली, तीही त्यांनीच. घाटात एकदम म्हणाल्या, "आमच्यातल्या एका बाईचा नवरा बिमार हाये. तिले एक दिवस बी घरी बसणं परवडत नाही. लई फिकर वाटते तिची." नाव घेतलं. मग स्वतःच म्हणाल्या, "जाऊ दे, अभ्यासाचं बोल."

एका रविवारी सरांनी वर्गात खोट्या वाटाघाटी करायला लावल्या. मी युनियन, ताई मॅनेजर. ताईंनी माझं काहीएक चालू दिलं नाही.

सर म्हणाले, "मॅनेजरसाहेब, तुमची युक्ती काय?"

"सोपी हाये सर. पह्यले त्याइच्यातली कच्ची बाई हुडकाची. ते आत आली की बाकीच्या येतेतच."

वर्ग खो खो हसला. मीही हसले.

पुढच्याच महिन्यात कंपनीने दुसऱ्या शिफ्टच्या बायकांना घरी सोडणारी गाडी बंद केली.

ती शिफ्ट सुटते तेव्हा बाहेर मिट्ट अंधार असतो, आणि बायका मोताळा, धामणगावकडच्या. ताई म्हणाल्या, गाडी नाही तर काम नाही. दुपारी शिफ्ट बदलताना सगळ्या जणी गेटबाहेर बसल्या.

कंपनीच्या मॅनेजरसाहेबांनी मला कॅबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"रविवारी तुमच्या गाडीवर असते ना ती? मग तुम्हाला माहीत असणार. यांच्यातली कोण लवकर आत येईल? एक नाव द्या. बाकीचं मी बघतो."

मी टेबलावरचं हजेरीचं रजिस्टर सरळ केलं.

"तुमचं प्रोबेशन याच महिन्यात संपतंय ना?"

नाव अगदी जिभेवर होतं. घरात कमावणारी मी एकटी.

आणि वर्गातलं ते हसणं आठवलं. कच्ची बाई हुडकायची. एक गेटबाहेर बसली होती. दुसरी या कॅबिनमध्ये उभी होती.

"माहीत नाही, सर."

त्यांचा विश्वास बसला नाही. "चला, तिच्यासमोरच विचारू," म्हणून मला घेऊन गेटवर आले.

ताईंनी पाहिलं. आधी साहेबांकडे, मग माझ्याकडे.

ताडकन उठून ओरडल्या, "एचआर मॅडम!"

सगळ्या बायका, "हाय हाय!"

"या मॅडमले काय विचारता साहेब? आमच्यातली एक बी बाई याइच्यासंगं बोलत नाही. गाडीवर बसतो मी, पण तोंड उघडत नाही. कंपनीचं माणूस हाये ते!"

रडू आलं, ते गिळलं.

साहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेले. नाव पुन्हा कोणी विचारलं नाही.

एकही बाई आत गेली नाही. आठवडा संपायच्या आत गाडी सुरू झाली. मीही पर्मनंट झाले.

त्या रविवारी मोताळ्याला थांबू की नको, हेच रस्ताभर चाललं होतं डोक्यात. थांबले, पण फुगूनच. ताई आल्या, नेहमीसारख्या मागे बसल्या.

घाटात म्हणाल्या, "आज लीडरशिपचं सांग व."

मी सांगितलं. त्या दिवसाबद्दल ना त्या कधी बोलल्या, ना मी. डिप्लोमा झाला, दोघी पास झालो, तरी नाही.

आज धामणगावला ती बाई भेटली, नवरा आजारी असलेली. तिचं नाव मी इथेही लिहीत नाही. माझा हात धरून रडत होती.

"त्या दिवशी साहेबानं तुमाले आत बोलावलं ना मॅडम, तवा मले कापरं सुटलं होतं. ताईले म्हटलं, आता माहं नाव जाते. ताई म्हणे, नाही जात. म्हटलं, तुमाले काय मालूम? त म्हणे, दर आयतवारी तिच्या मांगं बसतो ना मी."

गेटवरचं ते "हाय हाय" कोणाला वाचवायला होतं, ते मला तेव्हा कळलं.

येताना मोताळ्याच्या स्टँडवर स्कूटी थांबवली. कोणी बसणार नव्हतं, तरी थांबवली आणि तिथे रडले.

ताई, साहेबांनी नाव विचारलं होतं. मी दिलं नाही. हे तुम्हाला एकदा तरी सांगायचं होतं.

दुसऱ्या शिफ्टच्या गाडीचं काम आता माझ्याकडे आहे. उद्याही वेळेवर सुटेल.

भावपूर्ण श्रद्धांजली, ताई.

तुमची एचआर मॅडम