मडगार्डावरचा पोचा

मिस्त्रीला सगळे मिस्त्रीच म्हणत, बायकोसुद्धा. गाड्यांच्या पत्र्यावरचे पोचे काढण्यात त्याची तीस वर्षं गेली होती आणि या कामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नाही, असं लोक म्हणत. लोकांपेक्षा तो स्वतःच ते जास्त वेळा म्हणे, हा भाग वेगळा. काम उरकलं की तो पत्र्यावर धुतलेलं सुती फडकं टाकायचा, वर तळहात ठेवून डोळे मिटायचा आणि गाडीच्या लांबीनं हात सरकवत न्यायचा. डोळ्याला न दिसणारा खोलगटपणा तळहाताला लागतो. शेवटी तो "झाली" म्हणाला की गिऱ्हाईक निमूट चावी उचलायचं.

एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं आपल्या तरुणपणीची स्पोर्ट्सकार त्याच्या शेडमध्ये ओढून आणली. दोनच माणसांची, बसकी, लांब नाकाची गाडी. बावीस वर्षं कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून उभी होती आणि वासही तसाच येत होता.

"सहा महिने तरी लागतील," मिस्त्री म्हणाला.

"मी बावीस वर्षं घालवली, तुम्ही सहा महिने घालवा," बाई म्हणाल्या.

गाडीचं खरं वेड लागलं ते मिस्त्रीच्या लेकीला. पोरगी सोळा वर्षांची. शाळेतून आली की दप्तर भिरकावून थेट शेडमध्ये. बापलेक शेजारी शेजारी बसून गंज खरवडत, एकाच डब्यातलं खात, कुठला स्क्रू आधी तुटेल यावर पैजा लावत. घरी आल्यावरही तेच. आई वैतागून म्हणायची, "या घरात दोन माणसं बोलतात, तीही पत्र्याबद्दल. मीही कुठे पोचा पाडून घेते, म्हणजे माझ्याकडे बघाल." मिस्त्री हसायचा. लेकीला हातोडी कशी धरायची, मागून लोखंडी ठोकळा कसा लावायचा, सगळं त्यानंच शिकवलं, आणि शिकवताना त्याची छाती दोन इंच फुगलेली असायची.

मग एक दिवस त्या गाडीच्या दारावर हात फिरवून त्यानं "झाली" म्हटलं आणि लेक म्हणाली, "बाबा, खालच्या कडेपासून चार बोटांवर बघा ना. किंचित खोल आहे."

त्यानं पुन्हा हात फिरवला. काही लागलं नाही. पत्रा चकाकावा म्हणून तिनं रॉकेलचा बोळा फिरवून दार उजेडाकडे वळवलं, आणि नखाएवढा खोलगा चमकला. "फडकं जाड आहे," मिस्त्री म्हणाला. फडकं नेहमीचंच होतं. वर्षभर बोटांना मुंग्या येत होत्या, ते तो कुणालाच बोलला नव्हता.

बाईंनी पोरीला हात फिरवताना एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "हात हिचा आहे हो, मिस्त्री." आठवड्याभरानं एका टॅक्सीवाल्यानं तर कहर केला. मिस्त्रीनं "झाली" म्हटल्यावर तो चावी न उचलता म्हणाला, "पोरगी नाही का आज? तिला एकदा हात फिरवू द्या."

मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला चक्क आपल्या पोटच्या पोरीचा हेवा वाटला. दुसऱ्या कुणाचा वाटला असता तर घरी येऊन चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. इथे जिच्यावर जळायचं तीच ताटात भात वाढत होती. तिचे तळहात बघून त्याच्या पोटात दुखायचं. तीस वर्षांत कमावलेलं नाव चार महिन्यांत ही कार्टी घेऊन जाणार, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं.

शनिवारी रंगाआधी गाडी बघायला बाई येणार होत्या. शुक्रवारी दुपारी लेक शाळेत असताना मिस्त्री पुढच्या मडगार्डापाशी गेला. ते तिनं एकटीनं केलं होतं, आणि झकास केलं होतं. त्यानं हातोडी उचलली आणि एक ठोका घातला. अगदी हलका. मग हातोडी जागेवर ठेवून हात धुतले.

शनिवारी बाईंसमोर त्यानं फडकं टाकलं, डोळे मिटले, हात सरकवला आणि ठरल्या जागी थांबला. "इथे राहिलंय."

रॉकेलचा बोळा फिरवला. बाई चष्मा लावून वाकल्या. "अगं, राहिलंय की."

लेकीनं तिथे हात ठेवला. जरा जास्तच वेळ ठेवला. "हो," ती म्हणाली, "माझ्याकडून राहिलं."

"शेवटी मिस्त्री ते मिस्त्री," बाई म्हणाल्या. मिस्त्रीला हवं होतं ते अगदी हेच, याच शब्दांत. बाई फाटकाबाहेर पडेपर्यंत त्याला फार बरं वाटत होतं.

लेकीनं ठोकळा घेतला आणि मडगार्डाखाली शिरली. आतूनच म्हणाली, "बाबा, पुन्हा ठोकायचं झालं तर मागे ठोकळा धरून ठोका. नुसतं वरून ठोकलं की पत्रा ताणला जातो."

"मी ठोकलं असं कोण म्हणतं?"

"तुमचा ठोका डावीकडे कलतो. इतके दिवस तुमच्यामागून हात फिरवतेय, एवढं नाही कळणार?"

"माझ्यामागून म्हणजे?"

ती बाहेर आली. बोलून बसले, असा तिचा चेहरा झाला होता. "संध्याकाळी तुम्ही चहाला गेलात की बघते. कुठे राहिलं असलं तर गिऱ्हाईक यायच्या आत काढून ठेवते. त्या दाराचं तोंडावर बोलले, तर तुम्ही दोन दिवस नीट जेवला नाहीत. मग बोलायचं सोडलं."

मिस्त्री स्टुलावर बसला. लाज वाटली, आणि लाजेच्या आतही मेला तो हेवा होताच.

"किती गाड्या?"

"राहू द्या ना, बाबा."

"किती, ते सांग."

"वकिलांची पांढरी, मागचं दार," ती खाली बघत म्हणाली. "दूधवाल्याची व्हॅन, दोन ठिकाणी. लग्नाची ती लांब गाडी. डॉक्टरीणबाईंचं बॉनेट..."

ती हळूहळू सांगत गेली आणि तो ऐकत राहिला. यातल्या प्रत्येक गाडीबद्दल लोक काय काय म्हणाले, ते त्यानं रात्री जेवताना तिलाच रंगवून सांगितलं होतं.