फ्रीजरवरची गोधडी

दुपारचं जेवण उरकून मी डीप फ्रीजरशेजारी चटईवर आडवी होते. झोपायला नाही, ऐकायला. तीन दिवस झाले, त्याचा कॉम्प्रेसर एकदाही थांबलेला नाही. नुसती घरघर. ती ऐकता ऐकताच डोळे जड होतात.

आत दिवाळीतला सीताफळाचा गर आहे, ऐंशी डबे. आमची वर्षभराची रबडी, कुल्फी त्यातून निघते. बार्शीचा वैशाख तापला तसे वरचे डबे बोटाने दबायला लागलेत. का, ते मला ठाऊक आहे. मी काही शिकलेली मेकॅनिक नाही, पण पंधरा वर्षं या मशीनशी संसार केलाय आणि आमच्या ह्यांच्यापेक्षा ते जास्त बोलतं. फ्रीजर गारवा तयार करत नाही. आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो, अंगाच्या पत्र्यातून, मागच्या जाळीतून. आणि त्या पत्र्यावर, जाळीवर, नाड्यांनी घट्ट बांधलेली आहे आत्याबाईंची गोधडी.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या वडिलांची बर्फाची गाडी होती. बर्फ भुशात पुरायचा, वर गोणपाट, त्यावर आणखी एक गोणपाट. पांघरूण जाड तर बर्फ टिकणार, एवढं त्या पाळण्यातच शिकलेल्या. म्हणून माघात त्यांनी स्वतःची लुगडी फाडून फ्रीजरला गोधडी शिवली. तेव्हा थंडी होती, मशीनने सोसलं. मीही सोसलं. चौथा कोपरा शिवायचा राहिला आणि फाल्गुनात त्या गेल्या. आता नणंद म्हणते, आईच्या हातचं शेवटचं आहे, वहिनी, हलवू नका. पण या गरातल्या बियाही त्यांच्याच हातांनी काढलेल्या. एक राखावं तर दुसरं नासतं.

घरघर लांब जाते. चटईखाली भुसा लागतो, ओला, लाकडाच्या वासाचा. भुशात पाय पसरून आत्याबाई सुपारी कातरतायत.

"निजलीस होय गं, उज्ज्वला?"

नाही म्हणते मी, फ्रीजरचं ऐकतेय.

"काय म्हणतोय?"

"दमलोय म्हणतो."

त्या गोधडीखाली हात घालतात आणि पोराचा ताप बघावा तसा पत्र्यावर ठेवतात. ठेवतात आणि लगेच काढून घेतात. मग मी धीर करून सगळं सांगते. उष्णता कुठून उचलली जाते, कुठून बाहेर पडते, वाट अडली की तीच उष्णता पुन्हा पुन्हा कशी उपसावी लागते. वाटतं, आता या बिथरणार. पण त्या कीर्तन ऐकावं तसं सुपारी गालात धरून ऐकतात.

"म्हणजे हा बर्फ नव्हे," त्या म्हणतात. "हमाल आहे. आतलं ओझं बाहेर नेणारा. आणि मी दाराला कडी घालून बसले."

"हो."

"मग सांगायचं नाही का, बये?"

"तुम्हाला सांगणार कोण?"

त्या हसतात. "तेही खरंच," म्हणतात.

भुसा नाही आता. मधली खोली आहे, पंखा बंद आहे, आत्याबाई खाटेवर आहेत आणि माझ्या हातात पांघरुणाची कड आहे. ही खोली मी ओळखते. शेवटचे तीन दिवस. वारं लागेल, वारं लागेल, असं सगळे म्हणत होते. त्या पायाने पांघरूण सारायच्या, मी परत घालायची. उकडतंय, हा त्यांचा शेवटचा शब्द, आणि त्यावरही मी पांघरूणच घातलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

"आत्याबाई, तुम्हाला उकडत होतं."

"होतंच की."

"तरी मी घालत राहिले."

दोऱ्यात गुंता झालेला बघावा तशा त्या माझ्याकडे बघतात.

"कुल्फीचे साचे काढून काढून तुझे हात गार असायचे. पांघरूण घालताना गळ्याला लागायचे. म्हणून तर सारखं सारत होते. सारलं की तू यायचीस."

मी तिथेच खाली बसते. त्या बसू देतात. मग म्हणतात, झालं असेल रडून तर चतकोर भाकरी आण.

कोपऱ्यासाठी. गोधडी उपाशीपोटी शिवू नये ही त्यांची रीत. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा जायचाच. मी दुरडीतून चतकोर आणते तोवर त्यांनी नाड्या सोडलेल्या असतात. गोधडी मांडीवर घेऊन त्या सुई माझ्यापुढे धरतात. मी कशी शिवू, म्हणते.

"मला आता दिसतंय होय? घाल टाके. उंटाच्या ढांगा नकोत."

मी घालते. उंटाच्याच पडतात. त्या उसव म्हणत नाहीत, हे जिवंतपणी कधी झालं नव्हतं. शेवटी दोरा माझ्या हातातून घेतात.

"गाठ मी मारते."

खट्.

जाग येते. कॉम्प्रेसर थांबलाय. मोरीतल्या नळाचा थेंब पडतो तोही ऐकू येतो. फ्रीजर उघड्या अंगाने उभा आहे, पांढरा, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या पोरासारखा. गोधडी माझ्या पायांवर. झोपेत मीच ओढली असणार. ह्यांना सांगितलं तर म्हणतील, तू पहिल्यापासून झोपेत कामं करतेस, जागेपणी कर जरा. अंगाला घामाची धार लागलीय, तरी मी गोधडी सारत नाही.

चौथा कोपरा चाचपते. शिवलेला आहे. आत चतकोराएवढं काहीतरी लागतं, अजून मऊ. टाके माझेच, लांब आणि वाकडे. शेवटची गाठ मात्र मोहरीएवढी आहे, दुहेरी. तशी मला येत नाही.