स्वल्पविरामासकट

...आणि मग शवपेटीच्या उशाशी उभं राहून वहिनी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "स्वल्पविराम."

काल एवढ्यावर आलो आणि तुम्हाला हसू फुटलं, म्हणून पुढचं राहून गेलं. हसा, हसा. त्या दिवशी चर्चमध्येही पहिल्या बाकावरची एक पोरगी हसली होती. तिच्या आईने तिला असा चिमटा काढला की उरलेला वेळ ती खरोखरीच रडली. मागच्यांना वाटलं, केवढं मायाळू मूल!

पण वहिनींचं तसं चुकलं नव्हतं. म्हणजे चुकलं होतं, पण कसं चुकलं ते कळायला आधी छापखाना कळला पाहिजे.

पुस्तक छापायच्या आधी त्याचा कच्चा कागद निघतो. त्याला प्रूफ म्हणतात. ते तपासायला माणसं दोन लागतात. एकाने मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट फिरवत पेन्सिलीने चुका टिपायच्या. वाचायचं म्हणजे नुसते शब्द नव्हेत. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्ह, नवा परिच्छेद, सगळं तोंडाने म्हणायचं. नाहीतर समोरच्याला कळणार कसं? आणि रंगवून वाचायचं नाही. रंगवलं की ऐकणारा गोष्टीत रमतो आणि चूक हळूच निसटून जाते. वाचणाऱ्याचा आवाज कसा हवा, तर नळाच्या धारेसारखा, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीचा.

आमच्या छापखान्यात वाचायच्या वहिनी आणि टिपायचे दादा. दोघं नवराबायको. दादा माझे सख्खे कोणी नव्हेत. मी खेड्यातल्या शाळेतून जेमतेम अक्षर ओळखून आलेलो; त्यांनी मला शिशाच्या खिळ्यांवरचे उलटे 'ब' आणि 'व' कसे ओळखायचे ते शिकवलं, म्हणून ते दादा आणि त्या ओघाने त्या वहिनी. त्यांची खोली जिन्याखाली होती. एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, खाली ओढून बांधलेला दिवा, आणि यंत्राची धडधड आत येऊ नये म्हणून दाराला टांगलेलं जाड घोंगडं.

सवय एवढी मुरलेली की घरीसुद्धा तेच. "जेवायला चला, पूर्णविराम." "आज मीठ विसरलीस का, प्रश्नचिन्ह." मी एकदा दादांना विचारलं, "मग भांडताना काय करता?" तर म्हणाले, "भांडताना ही विरामचिन्हं घालतच नाही रे. तिथेच तर माझी पंचाईत होते!"

त्यांच्याकडे काय काय यायचं! औषधांच्या बाटल्यांची लेबलं, शाळेची पुस्तकं, लग्नपत्रिका, एकदा तर कुणाच्या तरी घटस्फोटाचे कागद. पण बायबल आलं की दादा हात धुऊन बसायचे. त्यांचा विश्वास सरळ होता. लिहिणारे हात माणसांचे, पण त्यांच्यात श्वास देवाचा. आणि तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आवडणाऱ्या भागातही आणि जांभया आणणाऱ्या भागातही. वहिनींचाही तोच. त्या फक्त बोलून दाखवत नसत.

एकदा खिळे जुळवणाऱ्या आमच्या एका कंपोझिटरने 'शेजाऱ्यावर प्रीती कर' च्या जागी 'शेजारणीवर' जुळवलं. वहिनींनी प्रतीतलं वाचलं, "शेजाऱ्यावर." दादांची पेन्सिल थांबली. "परत वाच." "शेजाऱ्यावर." दादा गंभीरपणे म्हणाले, "इथे वेगळीच आज्ञा आहे." पुढे महिनाभर आख्खा छापखाना त्या गड्याच्या शेजारणीची खुशाली विचारत होता.

त्या पुस्तकात नावांच्या याद्या आहेत. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा, अशी पानंच्या पानं. मी म्हटलं, "दादा, ह्यातलं एखादं नाव गळालं तर कुणाला कळणार आहे?"

"त्याच्या बापाला," दादा म्हणाले.

त्या यादीतच दादा गेले.

दुपार होती. मी बाहेर खिळे जुळवत होतो. घोंगड्याआडून वहिनींचा आवाज येत होता, याचा मुलगा हा, स्वल्पविराम, त्याचा मुलगा तो, स्वल्पविराम. पान संपलं तेव्हा त्या नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "उलटा." थोड्या वेळाने पुन्हा, "उलटा." मग घोंगडं बाजूला करून त्या बाहेर आल्या.

"भावजी, जरा इकडे या. हे पान उलटत नाहीयेत."

दादा टेबलावर हात ठेवून बसलेले होते. मान जराशी खाली, चूक दिसल्यावर वाकून बघत असावेत तशी. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलंय, आणि बराच वेळ झालाय. म्हणजे वहिनींनी किती नावं कुणाला वाचून दाखवली, ते मी कधी मोजलं नाही. तुम्हीही मोजू नका.

आता, चर्चमध्ये रविवारचं शास्त्रवाचन वर्षानुवर्षं वहिनींकडेच होतं. त्यामुळे अंत्यविधीला वाचायचं कोणी, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांच्या माना त्यांच्याकडेच वळल्या. त्या "बरं" म्हणाल्या. एरवी चर्चमध्ये त्या विरामचिन्हं बोलत नसत हो. पण त्या दिवशी उभ्या राहिल्या आणि आतून छापखाना सुरू झाला. उतारा भावाच्या कबरेपाशी रडणाऱ्या दोन बहिणींचा. त्यात प्रभू स्वतः रडतो असं एक इवलंसं वाक्य आहे. वहिनींनी ते वाचलं, पूर्णविराम म्हणाल्या आणि पुढच्या वाक्याला लागल्या. डोळ्यांत टिपूस नाही.

मग त्यांची थोरली बहीण मुक्कामाला आली. तिला ध्यास एकच, हिला रडवायचं. जुने फोटो काढ, दादांचा कोट समोर आणून टांग. "रड गं बाई, मोकळी हो."

"ताई, येत नाही," वहिनी म्हणायच्या, कुणी गाणं म्हणायचा आग्रह करावा तसं. शेवटी ताईच रडून रडून आजारी पडली आणि वहिनी तिला वेळच्या वेळी औषध देत बसल्या.

वहिनी उकळता चहा तसाच पिऊन टाकायच्या. नंतर जिभेवरचा फोड लागला की म्हणायच्या, "गरम होता वाटतं." मी विचारायचो, "वहिनी, कसं वाटतंय?" तर त्या उगीच काहीतरी सांगून वेळ मारून नेत नसत. आत जाऊन खरंच शोधल्यासारखं करायच्या आणि मग सांगायच्या, "दात काढायला सुई मारतात ना, तेव्हा गाल कसा होतो? आहे, पण आपला नाही. तसं."

कामावर येत होत्या. दादांच्या खुर्चीवर एक निवृत्त मास्तर आले. त्यांना टिपण्यापेक्षा बोलण्याची हौस. दर ओळीला आपलं एक मत. वहिनी त्यांचं मत संपेपर्यंत थांबायच्या आणि थांबल्या त्या शब्दापासून पुढे वाचायच्या. ना कंटाळा, ना राग. मास्तर मला म्हणाले, "बाई फार शांत आहेत." मी म्हटलं, "शांत नाहीत मास्तर, बंद आहेत."

एका शनिवारी मी चर्चच्या भिंतीवरच्या फळीवर उद्या म्हणायच्या गीतांचे आकडे लावत होतो, तेव्हा वहिनी पाळकांकडे आल्या. पाळक वयाने त्यांच्या मुलाएवढे.

"पाळकसाहेब, वाचनातून माझं नाव काढा."

"का हो? दमलात का?"

"नाही. मी देवाचं वचन वाचते आणि मला काही होत नाही. साबणाच्या वेष्टनावरचं वाचावं तसं होतं. समोर लोक मान खाली घालून ऐकतात. हे खोटं वागणं आहे."

"थोडे दिवस जाऊ द्या. देव जवळच आहे."

"असेल. मला हल्ली जवळ-लांब काही कळत नाही. हे असंच राहिलं तर मी बाकावर येऊन तरी का बसू, तेही कळत नाही."

पाळक बिचारे काहीतरी चांगलंच बोलणार होते, पण बोलले नाहीत. त्याबद्दल त्यांना मी आजही मानतो. त्यांनी नाव काढलं.

वहिनींच्या जागी आले आमचे वकील. काय वर्णावा त्यांचा थाट! नोहाचा पूर असा वाचला की पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी पाय वर घेतले. उधळ्या मुलगा परत आला तेव्हा वकील स्वतःच एवढे रडले की बाप त्याला मिठी मारतो की नाही, हे आम्हाला घरी जाऊन वाचावं लागलं. लोक खूश. मीही खूश, खोटं कशाला सांगू?

वहिनी आधी शेवटच्या बाकावर बसायला लागल्या. मग खांबाआड. मग एका रविवारी आल्याच नाहीत. पुढच्याही नाही.

आणि मग वकिलांनी तांबडा समुद्र दुभंगायला घेतला. समुद्राबरोबर त्यांचा घसाही दुभंगला. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर कुजबुजसुद्धा करायची नाही. त्यांच्या बायकोने म्हणे डॉक्टरांना मिठाईचा डबा पाठवला. पाळकांनी मला बोलावलं. म्हणाले, "काका, तुम्ही एकदा वहिनींना विचारून बघा. आग्रह नको. नुसतं विचारा."

गेलो. शनिवारची संध्याकाळ होती. वहिनी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मटार सोलत होत्या. समोर त्यांचा मुलगा. तो पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. सगळं काचेच्या नळीत धरून उजेडात बघायची सवय. आईला आपल्याकडे न्यायला आला होता. पोरगा चांगला हो, बापाच्या वळणाचा. फक्त चर्चची पायरी चढायचं त्याने कॉलेजातच सोडलेलं.

मी आलो त्याचं कारण सांगितलं. मटारचे दाणे वाडग्यात पडत राहिले.

"काका, तिला कशाला ओढता?" मुलगा म्हणाला. "इतक्या वर्षांनी तिचं तिला कळलंय."

"काय कळलंय रे?" मी म्हटलं.

"की त्यात काही नाही. असतं, तर आता उपयोगी पडलं नसतं का? आता नाही तर केव्हा पडणार?"

मी एक शेंग उचलून सोलायला घेतली.

"वहिनींनाच सांगू दे," मी म्हटलं.

"मी तेच म्हणतोय." तो आईकडे वळला. आवाज खाली आणला. रागाने नव्हे, अगदी मायेने बोलत होता. "आई, तू तर आतली आहेस. ते पुस्तक कसं बनतं ते तू पाहिलंयस. खिळे माणसं लावतात. शाई माणसं लावतात. ओळी गळतात, अक्षरं पडतात, आणि बाबा नि तू बसून चुका काढत होता. त्यात देवाचं असं काय होतं? ठीक आहे, बाबांचा विश्वास होता. तुझाही होता, कारण वाचताना तुला काहीतरी वाटायचं. आता वाटत नाही, हे तूच पाळकांना सांगितलंस. मग राहिलं काय? काकांना स्पष्ट सांगून टाक आणि चल माझ्याबरोबर. तिथे कुणी तुला रड म्हणणार नाही, वाच म्हणणार नाही. मला बरं वाटावं म्हणून नको बोलूस. खरं सांग, ते देवाचं आहे असं तुला आज वाटतं का?"

वहिनींनी हातातली शेंग खाली ठेवली. दोन्ही हात टेबलावर पालथे टाकले आणि त्याच्याकडे बघितलं. तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. आवाज तोच, एकाच जाडीचा. त्या जे बोलल्या ते शब्दाला शब्द असं:

"वाटत नाही. पण हे गेल्यापासून मला तुझ्याबद्दलही काही वाटत नाही, बाळ. तू दारात आलास, तेव्हा कोणीतरी आलंय एवढंच कळलं. म्हणून तू माझा नाहीस असं होतं का? आहेस. मला वाटो न वाटो, आहेस. आणि मी तुला जेवायला घालणार आहे. तसंच ते आहे. देवाचं असायला ते माझ्या वाटण्यावर थांबलेलं नाही. भावजी, पाळकसाहेबांना सांगा, उद्या येते. वाचीन. पण माझ्याच्याने नुसतं वाचून होईल, दुसरं काही होणार नाही."